बोंडे मॅडमचा मिरव्या खेकडा

आमच्या कॉलेजच्या दारात शिरल्याशिरल्या 'आजचा सुविचार' लिहायचा एक फळा होता. तो लिहिण्याचं काम ग्रंथालयातल्या कारकुनाकडे होतं आणि त्याच्यापाशी सुविचार होते एकूण तीस-बत्तीस. त्यामुळे 'क्षमा हे वीराचे भूषण आहे' हे वाक्य महिन्यातून एकदा ठरलेलं यायचं. ज्या दिवशी ते यायचं त्या दिवशी बोंडे मॅडम फळ्यासमोर थांबायच्या, चष्मा वर सरकवून पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं ते वाचायच्या आणि म्हणायच्या, "ज्याचं काही गेलेलं नसतं, त्याला शोभतं हे." मग प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन तिथल्या फळ्याच्या कोपऱ्यात स्वतःची ओळ लिहायच्या : 'आज ओहोटी, दुपारी सव्वादोन.'

कॉलेज जळगावात. नळाला पाणी एक दिवसाआड आलं तर लोक नशीब समजतात, अशा गावात ही बाई रोज कच्छच्या आखातातल्या ओहोटीची वेळ लिहायची. वर्षाचं वेळापत्रक कुठून तरी मागवायची आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. प्रथम वर्षाची मुलं ती टाकी भरण्याची वेळ समजून बाटल्या घेऊन येत. मी नशिराबादहून तासिका तत्त्वावर शिकवायला यायला लागलो त्या पहिल्या दिवशी मीही विचारलं होतं, की मॅडम, ही ओहोटी आपल्या काय उपयोगाची.

"ओहोटीला खडक उघडा पडतो," त्या बरणी पुसता पुसता म्हणाल्या. "खाली कोण कोण राहतं ते तेव्हाच दिसतं. भरतीला सगळेच सारखे."

मॅडम बुटक्या होत्या, घट्ट अंबाडा, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. हातांना कायम फॉर्मॅलिनचा वास. माहेर सावद्याकडचं, घरी केळीच्या बागा. लग्न झालेलं नव्हतं आणि का नाही, ते विचारायची कोणाची टाप नव्हती. एम.एस्सी. पहिल्या वर्गात झालेल्या होत्या, पण नोकरी लागली ती प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून आणि निवृत्त झाल्या त्याही तिथूनच. 'मॅडम' त्यांना मुलं म्हणत. कागदोपत्री त्या मॅडम नव्हत्या.

प्रयोगशाळेला लागून एक लांबट खोली होती. तिथे कोण्या जुन्या काळी कॉलेजने विकत घेतलेल्या प्रवाळ खडकावरच्या प्राण्यांच्या बरण्या धूळ खात पडल्या होत्या. मॅडमनी त्या एकेक करून धुतल्या, द्रव बदलला, चिठ्ठ्या लिहिल्या. समुद्र न पाहिलेल्या मुलांना समुद्रातलं जनावर कसं समजवावं, हे त्यांच्याकडून शिकावं. समुद्रकाकडीची बरणी दाखवून त्या म्हणत, "भरताचं वांगं वाळूत लोळतंय असं समजा. याला कोणी छळलं की हे आपली आतडी बाहेर फेकतं. छळणारा त्यात गुंततो, हे निघून जातं आणि आतडी पुन्हा उगवतात. आपल्याला जमत नाही ते." पोपट माशाच्या चोचीकडे बोट दाखवून सांगत, की हा खडक कुरतडून खातो आणि मागून पांढरी वाळू टाकतो, तुम्ही सुट्टीत ज्या सुंदर वाळूत फोटो काढता ती कुठून आली ते लक्षात ठेवा. विदूषक माशाकडे आल्या की त्यांचा आवाज जरा चढे. तो समुद्रफुलाच्या विषारी झुपक्यात बिनधास्त राहतो, त्याला डंख होत नाही, हे सगळे सांगतात. मॅडम पुढचं सांगत. त्या घरात सगळ्यात मोठी असते ती मादी आणि सत्ता तिची. ती मेली की तिचा नर स्वतःच मादी होतो आणि गादीवर बसतो. हे सांगताना त्या नेमक्या स्टाफरूमच्या दिशेला बघायच्या.

प्रवाळावर मात्र त्या विनोद करत नसत. "हा दगड नाही," असं हळू आवाजात सुरू करत. "हे लाखो जीव आहेत. प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढा, फार तर बोटाच्या पेराएवढा. चुन्याचं घर बांधतो, त्याच्यावर पुढचा बांधतो. पिढ्यान्‌पिढ्या. कोणाचं नाव नाही त्याच्यावर." आणि मग सांगत की प्रवाळ भांडतोही. शेजारचा प्रवाळ फार अंगाशी आला की हा पोटातले बारीक धागे बाहेर काढतो, शेजाऱ्यावर टाकतो आणि तो जिथे आहे तिथेच त्याला पचवतो. आवाज नाही, धावाधाव नाही. काही दिवसांनी शेजाऱ्याच्या अंगावर नुसता पांढरा पट्टा दिसतो.

"घाई करणारे प्राणी वेगळे," त्या म्हणत.

त्यांची स्वतःची पद्धत हीच होती, हे मला कॅन्टीनवाल्याच्या गोष्टीवरून कळलं. त्याने एकदा मॅडमना आदल्या दिवशीची कचोरी गरम करून दिली होती. तेव्हापासून मॅडमनी त्याच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही. भांडण नाही, तक्रार नाही. रोज त्याच्या काउंटरसमोरून "काय भाऊ, बरे ना?" असं विचारत फाटकाबाहेरच्या गाडीवर चहाला जायच्या. वर्षं गेली. त्याचीच मुलगी आमच्या वर्गात आली. मॅडमनी तिला जीव लावून शिकवलं, परीक्षेआधी घरी बोलावून आकृत्या काढून घेतल्या. पोरगी विद्यापीठात नंबरात आली आणि पेढे घेऊन आली. मॅडमनी विचारलं, "घरचे की कॅन्टीनचे?" कॅन्टीनचे म्हटल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तोंडभर आशीर्वाद दिला आणि हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

शिळ्या कचोरीसाठी हे. मग देवरे सरांनी जे केलं त्यासाठी काय, याची कल्पना त्यांना असायला हवी होती.

देवरे सर आमचे विभागप्रमुख. मूळचे धुळ्याचे, उंचेपुरे, पांढरा सफारी, बोलणं अगदी छापील. एकदा त्यांच्या आईचा फोन आला तेव्हा ते अहिराणीत बोलताना सापडले आणि आम्ही ऐकलं म्हणून दोन दिवस आमच्यावर रुसले. सभेत पहिल्या रांगेतली मधली खुर्ची, फोटोत मधली जागा आणि कुठल्याही कामात शेवटची सही, एवढं मिळालं की माणूस खूश. वाईट होते असं मी तेव्हा म्हणत नव्हतो. आता म्हणतो.

एकदाच आम्ही तृतीय वर्षाच्या मुलांना घेऊन आगगाडीने कच्छच्या आखाताकडे गेलो. सहलप्रमुख देवरे सर. पहाटे परवानगीची होडी लागली, ओहोटी सुरू झाली आणि देवरे सरांना पाण्याची भीती वाटते हे सगळ्यांना समजलं. "मुलांचं सामान सांभाळायला कोणीतरी हवं," असं म्हणून ते धक्क्यावर छत्री उघडून बसले. मग उठून घोट्याएवढ्या पाण्यात पॅन्ट दुमडून उभे राहिले आणि माझ्याकडून एक फोटो काढून घेतला.

बेटावर मॅडम वेगळ्याच झाल्या. साडी खोचलेली, हातात काठी, आणि चाल अशी की पाय कुठे ठेवायचा ते खडक त्यांना सांगतोय. एका डबक्यात ऑक्टोपस बसला होता. आम्ही वीस जण बघत होतो आणि कोणाला दिसत नव्हता. मॅडमनी काठीने नुसतं पाणी हलवलं तर दगडाचा एक भाग उठून चालायला लागला, आधी तांबूस झाला, मग खडकाच्या रंगाचा. एका मुलाने प्रवाळाचा तुटका तुकडा खिशात घातला. मॅडमनी त्याला भर उन्हात अर्धा मैल मागे पाठवून तो जिथून उचलला तिथे ठेवायला लावला आणि ठेवला की नाही ते बघायला स्वतः त्याच्यामागे गेल्या. परत येताना होडीत त्यांनी सफाई माशाची गोष्ट सांगितली. खडकावर एक बारीक निळा मासा असतो, तो मोठ्या माशांच्या अंगावरचे किडे खातो. मोठे मासे रांग लावून त्याच्यापुढे तोंड उघडून उभे राहतात. आणि अगदी तसाच दिसणारा, तसाच नाचत येणारा दुसरा एक मासा असतो. तो जवळ येतो आणि मांसाचा लचका तोडून पळतो.

"मग मोठ्या माशाने ओळखायचं कसं?" कोणीतरी विचारलं.

"एक लचका गेल्यावर कळतं," मॅडम म्हणाल्या. देवरे सर धक्क्यावर हात हलवत उभे होते.

मॅडमनी बारा वर्षं एक पुस्तक लिहिलं. प्रवाळ खडकावरचे प्राणी, मराठीत, खेड्यातून येणाऱ्या मुलांना कळेल असं. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःच्या खर्चाने समुद्रावर जायचं, ओहोटीत हिंडायचं, परत येऊन लिहायचं. प्रत्येक वाक्य तीन ठिकाणी पडताळून मगच कागदावर. अठरा वर्षांत त्यांच्या चिठ्ठीवर एक चूक कोणाला सापडली नव्हती. पोरं पैज लावायची आणि हरायची. प्रकाशकाकडे पाठवायचं तर विभागप्रमुखांचं पत्र जोडावं लागतं, असं देवरे सरांनी सांगितलं. मॅडमनी हस्तलिखित त्यांच्या टेबलावर ठेवलं.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर नाव देवरे सरांचं. मलपृष्ठावर तोच फोटो, पॅन्ट दुमडलेला, खाली मजकूर 'लेखक क्षेत्रभेटीदरम्यान'. प्रस्तावनेच्या शेवटी एक ओळ होती, की हस्तलिखिताची सुवाच्य प्रत करून देणाऱ्या प्रयोगशाळा साहाय्यक श्रीमती बोंडे यांचे आभार.

पार्सल फोडलं तेव्हा मी तिथे होतो. मॅडमनी उभ्याउभ्या ती ओळ वाचली, पुस्तक मिटलं, बोटाने पुठ्ठ्यावरची धूळ पुसली. माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणालो, प्राचार्यांकडे जाऊ, विद्यापीठात जाऊ, मी साक्ष देतो. माझी नोकरी तासिकेवरची, दरवर्षी सरांच्या सहीने चालणारी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"तू काही देऊ नको," त्या म्हणाल्या. रागावल्या की त्या माहेरच्या बोलीवर येत. "मले एकच पायजे, गजानन. त्यानं त्याच्या तोंडानं म्हनाव, का पुस्तक हिचं आहे. बस. चार लोकायच्या समोर."

आणि खडू घेऊन त्या दिवसाची ओहोटी लिहायला गेल्या.

पुस्तक चाललं. जामनेरपासून धुळ्यापर्यंतच्या कॉलेजांत लागलं. देवरे सर 'सागरी जीवनाचे अभ्यासक' झाले, सत्कार घेऊ लागले. मॅडम त्यांच्याशी आधी वागत तशाच वागत. "सर, सही." "सर, फॉर्मॅलिन संपलंय." मला हे बघवत नव्हतं. सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती निघायची ठरली. सर स्वतः प्रयोगशाळेत आले.

"ताई, चार-पाच नवीन प्राणी टाकू या. तुमचं अक्षर चांगलं आहे, तेवढं लिहून द्या. गजानन टाईप करेल."

"नाव?" मॅडमनी विचारलं. मी तिथेच होतो. त्या अगदी साधेपणाने विचारत होत्या. मला वाटतं, त्या क्षणी सर 'तुमचंही टाकू' म्हणाले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

"ताई, पुस्तक कोणाचं का असेना," सर हसून म्हणाले, "मुलांचं भलं होतंय ना?"

"हो, ते तर आहेच," मॅडम म्हणाल्या. आठवडाभराने त्यांनी पाच पानं माझ्या टेबलावर ठेवली. चार प्राणी नेहमीसारखे चोख होते. अंगावर स्पंज आणि शेवाळ चिकटवून लपणारा खेकडा होता, दोन नांग्यांत दोन समुद्रफुलं धरून शत्रूला धमकावणारा होता. पाचवं पान मी टाईप करू लागलो.

'मिरव्या खेकडा. शास्त्रीय नाव पॅगुरस धुलिएन्सिस. प्रवाळ खडकाच्या वरच्या, सावलीच्या भागात आढळतो. शंखात राहणारे इतर खेकडे रिकामा शंख शोधतात. मिरव्या मात्र आतला प्राणी जिवंत असतानाच त्याच्या शंखात शिरतो व दाराशी बसतो. त्यामुळे पाहणाऱ्यास शंख त्याचाच वाटतो. आतल्या प्राण्याने मिळवलेले अन्न तो खातो. उजवी नांगी मोठी असून केवळ वर धरण्याच्या उपयोगाची आहे, तिने कोणतेही काम होत नाही. मोठा मासा जवळ आल्यास पोटावर चमक येते. संकट आल्यास तो आतल्या प्राण्यास पुढे ढकलतो. एका खडकावर एकच मिरव्या राहतो, दुसरा त्यास खपत नाही. पोट अत्यंत मऊ असते.'

तिसऱ्या ओळीला मला कळलं आणि मी हसायला लागलो. मॅडम हसल्या नाहीत.

"काना-मात्रा चुकवू नको," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "खोटं लिहिताना हात आखडला रे. एकच पान आहे. मले लाज वाटते त्या पानाची. पन त्याले जास्त वाटली पायजे."

मी घाबरून विचारलं, सरांनी वाचलं तर?

"तो वाचत नाही. माझं कधीच कोणी तपासत नाही. चूक नसतेच ना."

आणि तसंच झालं. सरांनी पाचही पानांवर न बघता सही केली. आवृत्ती छापून आली. मुलं मिरव्या पाठ करू लागली. मोबाईलवर शोधलं तर तो सापडत नसे, पण मराठी नावांनी शोधल्यावर निम्मे खरे प्राणीही सापडत नसत, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. उलट तो सगळ्यांचा आवडता प्राणी झाला. वर्ष-दीड वर्ष मी जीव मुठीत धरून होतो. मॅडम रोज ओहोटी लिहीत होत्या.

त्या वर्षी प्राचार्यांची जागा रिकामी होणार होती. देवरे सरांनी सागरी जीवनावर परिसंवाद ठेवला, संस्थेच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवलं. किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रातून वयस्कर पाहुणे बोलावले. भाषण संपवून पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, समुद्रापासून इतक्या लांबची मुलं तुम्ही, प्रवाळ खडकावरचा तुम्हाला सगळ्यात नवलाचा वाटणारा प्राणी कोणता?

जामनेरची एक मुलगी उठली आणि तिने मिरव्या घडाघडा म्हणून दाखवला. मागून आणखी दहा-बारा आवाज त्यात मिसळले. पाहुणे कान देऊन ऐकत राहिले, मग देवरे सरांकडे वळले.

"हा मला माहीत नव्हता. कुठे आढळला?"

तेव्हाच सरांनी 'बघून सांगतो' म्हटलं असतं तर सुटले असते. पण पहिल्या रांगेत पदाधिकारी होते. सर माईक ओढून म्हणाले, "मी स्वतः पाहिलाय. कच्छच्या आखातात. कळपच्या कळप असतात."

मुलगी अजून उभीच होती. "सर, पुस्तकात एका खडकावर एकच असतो असं दिलंय," ती म्हणाली. तिचा हेतू सरांना मदत करायचा होता.

पाहुण्यांनी पुस्तक मागवलं. पान उघडलं. चष्म्यावरून एकदा म्हणाले, "धुलिएन्सिस? म्हणजे धुळ्याचा?" आणि नीट समजून घ्यावं म्हणून की काय, सगळा परिच्छेद माईकवरून सावकाश मोठ्याने वाचला. 'आतला प्राणी जिवंत असतानाच' इथपर्यंत सभागृह शांत होतं. 'पाहणाऱ्यास शंख त्याचाच वाटतो' ला शेवटच्या रांगेतून, जिथे शिपाई आणि कारकून बसतात तिथून, कोणीतरी म्हणालं, "आयत्या बिळावर नागोबा." हसू तिथून सुरू झालं आणि एकेक रांग पुढे येत गेलं. 'मोठा मासा जवळ आल्यास पोटावर चमक येते' ला पदाधिकारीसुद्धा रुमाल तोंडाला लावून बसले. पांढरी सफारी सगळ्यांच्या समोर होती. मी त्या दिवशी मनापासून हसलो, सात वर्षांचं हसलो, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. मॅडम दाराजवळ उभ्या होत्या. त्या फक्त ऐकत होत्या.

संध्याकाळी सर प्रयोगशाळेत आले. चेहरा पार उतरलेला, पण आवाज चढलेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं.

"मी तुमच्यावर कारवाई करीन. तुमची नोकरी घालवीन."

"कशाबद्दल, सर?"

"तुम्ही मुद्दाम खोटं लिहिलं."

"कुठे लिहिलं?"

"पुस्तकात."

"पुस्तक कोणी लिहिलं, सर?"

मॅडम हातातली बरणी खाली ठेवून वाट बघत होत्या, चेहऱ्यावर अगदी कोवळी आशा घेऊन. तक्रार करायची तर आधी पुस्तक हिने लिहिलं हे म्हणावं लागत होतं. सर वळून गेले.

"माझं नाव छापलं असतं," मॅडम त्यांच्या पाठीमागे म्हणाल्या, "तर चूकही माझीच झाली असती."

प्राचार्यपद दुसऱ्याला मिळालं. सर सेवेत होते तोवर मुलं त्यांच्या मागे 'मिरव्या' म्हणत. दुसऱ्याच दिवशी मॅडमनी ग्रंथालयातल्या प्रत्येक प्रतीत त्या पानावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली : 'या पानावरील प्राणी प्रवाळ खडकावर आढळत नाही. इतरत्र आढळतो.' बाहेरच्या कॉलेजांना पत्रं लिहून तीच दुरुस्ती कळवली, परीक्षेत कोणा मुलाचे गुण जाऊ नयेत म्हणून स्वतः विद्यापीठात जाऊन बसल्या. पण सरांनी ते वाक्य काही म्हटलं नाही. मॅडम निवृत्त झाल्या, सावद्याला भावाकडे गेल्या. मग सरही निवृत्त होऊन धुळ्याला गेले.

त्यानंतर काही वर्षांनी सरांच्या घरून मला फोन आला. सरांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, ते सारखं ताईंचं नाव घेतात, काहीतरी बोलायचंय, एकदा घेऊन या. मी मॅडमना कळवलं. मला वाटलं, नाही म्हणतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जळगावच्या स्टँडवर हजर होत्या.

धुळ्यात देवपुरातलं घर. हॉलमध्येच कॉट टाकलेली. सफारीतला तो माणूस बनियनवर पडला होता, तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात निकामी. मॅडम प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या. वहिनी रडायलाच लागल्या. "ताई, एकदा माफ केलं म्हणा. त्यांचा जीव शांत होईल."

"त्यांना काय म्हणायचंय ते आधी ऐकू द्या," मॅडम म्हणाल्या.

सरांनी ओठ हलवले. छापील भाषा कुठल्या कुठे गेली होती, आईची अहिराणी तेवढी उरली होती. "ताई... पुस्तक तुमनं शे."

"ऐकू आलं नाही, सर."

सरांनी दम घेतला. "पुस्तक तुमनं शे, ताई. बठ्ठं तुमनंच शे. मी फक्त नाव टाकं."

मॅडमनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आत मिक्सर चालू होता. "सूनबाई, ते जरा बंद करा आणि तुम्ही पण या इकडे. तुमच्या मिस्टरांनाही बोलवा." दोघं येऊन उभे राहिले. मग मॅडम सरांकडे वळल्या. "हं. आता म्हणा."

मला मान वर करवेना. सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तोंडाच्या कडेने लाळ येत होती, आणि पुस्तक सगळं ताईंचं आहे, हे त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं, बायको, मुलगा आणि सुनेसमोर, एकेक शब्द ढकलत. वहिनींनी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि आशेने वर बघितलं.

"केलं ना माफ, ताई?"

मॅडम उठल्या. साडीच्या निऱ्या नीट केल्या. "नाही हो, वहिनी," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "मी माफ करायला आले नव्हते. ऐकायला आले होते."

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी न राहवून म्हणालो, मॅडम, म्हणून टाकायचं होतं, मरणारा माणूस, तुमचं काय गेलं असतं.

"त्याले शांत मरायचं व्हतं," त्या चालता चालता म्हणाल्या. "मले शांत जगायचं व्हतं तव्हा कोठी व्हता तो?"

मला धुळ्यात बहिणीकडे थांबायचं होतं. मी त्यांना स्टँडवर सावद्याच्या बाजूच्या बसमध्ये बसवून दिलं. नंतर आमची भेट झाली नाही. बस हलली तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि हसत होत्या, मोकळ्या, दात दिसतील असं. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. चांगल्या माणसाने अशा वेळी हसू नये म्हणतात. मला ते हसू आवडलं.